तळहात दिसला की थांबायचं

९ जानेवारी

वही कारखान्यातली आहे, उत्पादनाच्या नोंदीची. रकाने छापलेलेच आहेत: मशीन, पाळी, तयार नग, रद्द नग. कुत्र्यांच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "रोज लिहा. काय शिकवलं, किती वेळा ऐकलं, किती वेळा नाही. चार महिन्यांनी वाचाल तेव्हा कळेल चूक कुत्र्याची होती की तुमची." मी म्हटलं, "चूक कोणाची ते मी आत्ताच सांगतो, तीस वर्षं मालक आहे मी." त्या हसल्या नाहीत. पोलिसांची कुत्री शिकवून निवृत्त झालेल्या आहेत, हसायची सवय राहिली नसावी.

पिल्लू काल आलं. दोन महिन्यांचं, तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. फोरमनने त्याच्या साडूच्या घरून आणलं. टोपलीतून बाहेर पडल्यापडल्या ते माझ्या चपलेत मुतलं, मग त्याच चपलेला घाबरून कपाटाखाली गेलं. फोरमन म्हणाला, "शेठ, हा एक नगच आहे." नाव तेच ठेवलं. कोणत्या रकान्यात टाकायचा ते पुढे बघू. आजच्यापुरता रद्द.

कशासाठी आणलं तेही इथे लिहून ठेवतो, नंतर माझं मलाच खोटं बोलायला नको. चौदा नोव्हेंबरला हिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल. पुढे फार आशा धरू नका." व्यायाम शिकवणारा येतो आणि पाच मिनिटांत परत जातो. जेवण चिमणीचं. दिवसभर छताकडे बघत पडलेली असते. डॉक्टरच म्हणाले, "हात पुढे करावासा वाटेल असं काहीतरी घरात आणा." हिला कुत्र्यांचं पहिल्यापासून वेड. कारखान्याच्या जुन्या शेडमागे एक कुत्री व्याली होती, तेव्हा स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव तिला द्यायची आणि मला सांगायची, आज भूकच नाही.

म्हणजे काम सरळ आहे. कुत्र्याने हिच्याजवळ जायचं, शहाण्यासारखं बसायचं, हिने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. मुदत चौदा मे. यापेक्षा अवघड ऑर्डरी मी वेळेत दिल्या आहेत.

११ जानेवारी

मागच्या अंगणात पहिला धडा. मास्तरीणबाईंनी आधी मलाच उभं कसं राहायचं ते शिकवलं. "वाकू नका. लाडाने बोलू नका. एकदाच सांगा." मी नगला म्हटलं, "बस." त्याने जांभई दिली. "बस रे बाबा." तो माझ्या बुटाची नाडी सोडवायला लागला.

"शब्द नंतर," बाई म्हणाल्या. "कुत्रा आधी हात बघतो. हाताची खूण द्या. आणि घरात सगळ्यांची खूण एकच पाहिजे हं. तुम्ही एक दाखवणार, वहिनी दुसरी दाखवणार, त्या मुक्या जनावराने कोणाचं ऐकायचं?"

मी म्हटलं, "ती काळजी सोडा. आमच्याकडे तीस वर्षं एकच खुणा आहेत. हिनेच ठरवलेल्या."

खरंच आहे ते. आम्ही बिजागऱ्या करतो. सुरुवातीला एक पत्र्याची शेड आणि ठोक्याने पत्रा कापणारी एक जुनी प्रेस. मी मशीनवर, ही पत्रा सरकवायला. प्रेस चालू असली की शेजारचा ओरडला तरी शब्द कळत नाही, म्हणून हिने खुणा बसवल्या. तळहात समोर: थांब. दोन बोटं वाकवून स्वतःकडे: ये, आण. मूठ: धरून ठेव. अंगठा वर: चालू कर. आज कारखान्यात चाळीस माणसं याच चार खुणांवर चालतात. फोरमन नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, संडास कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी.

माझे कान तिखट. दोन शेड पलीकडून सांगतो कोणत्या डायची, कापायच्या साच्याची, धार गेली. हिला अपघात झाला त्या दिवशीही ठोक्याचा आवाज बदललेला मला ऐकू आला होता. म्हटलं, एवढी पेटी होऊ दे, मग बघू. हिचा डावा हात आत गेला. ती ओरडली असेल, पण त्या आवाजात काय कळणार. तिने उजवा तळहात वर केला होता. मी खाली बघत होतो. दोन ठोके उशिरा पाहिलं.

डाव्या हाताची चार बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. फूटपट्टीसारखी सरळ असतात. अंगठा तेवढा वाचला. खुणा ती उजव्याच हाताने करत राहिली. त्यावरून ती मला कधी एक शब्द बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून एक नियम धरला. हिचा तळहात दिसला की थांबायचं. तिथल्या तिथे. का, कशाला, विचारायचं नाही. भांडणातसुद्धा पाळला. तेवढी एकच गोष्ट मी धड केली असेल.

१२ जानेवारी

तयार: शून्य. रद्द: पायपुसणं, आजचा पेपर (वाचायच्या आधी), टेबलाचा एक पाय.

१६ जानेवारी

घाई केली. नगला उचलून हिच्या खोलीत नेलं. त्याने माझ्या हातातून थेट पलंगावर उडी घेतली, पांघरुणाचं टोक धरून ओढलं, सलाइनच्या जुन्या स्टँडला धडकला आणि मावशींच्या पायावर पडला. मावशी म्हणजे हिचं सगळं करणाऱ्या. त्या ओरडल्या, "काका, आधी मला एकीलाच सांभाळू द्या, हे दुसरं बाळ कशाला आणलंत?"

गंमत म्हणजे ही हसली असं मला वाटलं. एका बाजूचा ओठ हलला. मी बघेपर्यंत गेलं.

मास्तरीणबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "चूक तुमची. आजारी माणसाजवळ न्यायचाय ना? मग आधी 'थांब' पक्कं करा. बाकी काही नाही आलं तरी चालेल. 'थांब' आलं पाहिजे."

मलाही तेच पटलं. 'थांब'चं महत्त्व मला कोणी शिकवायला नको.

२ फेब्रुवारी

आजची नोंद ठळक लिहावी अशी. अंगणात नगच्या पुढ्यात उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवला आणि तळहात दाखवला. अकरा मिनिटं! लाळ गळतेय, शेपटी जमीन झाडतेय, पण जागचा हलला नाही. फोरमन घड्याळ लावून बघत होता. म्हणाला, "शेठ, आपल्या दुसऱ्या पाळीत असा एक माणूस नाही."

'ये' मात्र येत नाही. दोन बोटं वाकवली की हा माझ्या बोटांकडे बघतो, मग माझ्या तोंडाकडे, मग निघून जातो. 'सोड' येत नाही. दारातून आधी आपण जायचं, ते येत नाही. मुतायचं कुठे ते त्याला माहीत आहे, पटत नाही. पण तळहात म्हणजे तळहात. घरात कुठूनही, कोणत्याही कोनातून. मावशींनी भिंत पुसायला हात वर केला तरी खाली बसतो.

संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, आईला कुत्रं कशाला? तिला तुम्ही हवे आहात." मी म्हटलं, मी घरातच असतो की, कारखाना फोरमनवर टाकलाय. पण तिला काय सांगू? मी खोलीत जाऊन बसलो की दोन मिनिटांत हिचा डावा हात वर होतो. तळहात माझ्याकडे. थांब. मी बोलायचा थांबतो. हात तसाच. मग उठून बाहेर येतो. रोज. माझं तोंड बघवत नसेल तर तो तिचा हक्क आहे. हे पोरीला फोनवर सांगण्यासारखं नाही.

११ फेब्रुवारी

आज नगला रीतसर खोलीत नेलं. नखं कापलेली, अंग पुसलेलं, गळ्यात नवा पट्टा. मावशींनी हिला उशांना टेकवून बसवलं होतं. मी दारातून म्हटलं, "अगं, हा बघ कोण आलाय." हिचे डोळे मोठे झाले. नग शेपटी हलवत सरळ पलंगाकडे निघाला.

आणि हिने हात वर केला. तळहात.

नग जागच्या जागी बसला. दारापासून तिसऱ्या फरशीवर. मी तर टाळ्याच वाजवल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा हिने कोणाला हुकूम दिला आणि तो पाळला गेला! मावशींना म्हटलं, "बघितलंत? खूण एक असली की असं होतं."

पण हात खालीच येईना. नग बसलेला, ही हात वर धरून. नग कुईं कुईं करायला लागला, पण उठला नाही, शिस्त म्हणजे शिस्त. पाच-सात मिनिटं गेली. मग हिचा हात दुखून आपोआप पडला आणि हिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशी म्हणाल्या, "घाबरल्या असतील, काका." मी नगला बाहेर काढलं.

१२ फेब्रुवारी

तेच.

१३ फेब्रुवारी

तेच. तिसरी फरशी. जणू त्याच्या नावावर लिहून दिली आहे.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांनी हिचं वजन केलं. गेल्या महिन्यापेक्षा तीन किलो कमी. मला विचारलं, "खातात ना?" मी मावशींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "चार चमचे खातात. मग हात वर करतात, की मी ताट उचलते. काकांनी सांगितलंय तसं."

हो, मीच सांगितलं आहे. त्या आल्या त्या दिवशी कारखान्यात लावतो तसा खुणांचा तक्ता करून पलंगाच्या वर चिकटवला. पहिली ओळ लाल शाईत: तळहात, थांबा. वाचा गेली म्हणून काय झालं, प्रेसजवळ आम्हाला वाचा कधी होती? आधीच्या बाई घास कोंबायच्या. ही हात वर करायची तरी कोंबायच्या. मी त्यांना दुसऱ्या दिवशी काढलं. माझ्या घरात कोणी हिच्यावर जबरदस्ती करणार नाही. व्यायामवाल्यालाही तेच सांगितलंय. तो गुडघा दोनदा वाकवतो, हात वर होतो, तो थांबतो, पिशवी उचलतो.

डॉक्टर म्हणाले, "मन लागत नाहीये त्यांचं." ते मला काय सांगताय.

४ मार्च

खूण तर एकच येते, म्हणून आवाजांवर काम करायचं ठरवलं. हिच्या तोंडून 'अं' एवढंच निघतं. पण 'अं' आणि 'अं'मध्ये फरक असतो, मशीनसारखाच. आठ दिवस दाराबाहेर खुर्ची टाकून ऐकलं. तीन प्रकार सापडले. एक, बारीक आणि छोटा: पाणी किंवा कूस. दोन, घशातला, लांब: दुखतंय. तिसरा वर चढत जाणारा, तुटेपर्यंत ताणलेला. हा मी किंवा नग खोलीत शिरल्यावरच येतो, हात वर असताना. नको, नको, नको असा त्याचा सूर वाटतो. कारखान्यात असा आवाज आला तर मी मशीन लगेच बंद करायला लावतो.

मावशी म्हणाल्या, "काका, बाहेर बसून ऐकण्यापेक्षा आत बसा ना."

म्हटलं, "आत बसलो की तोच आवाज काढते."

९ मार्च

मास्तरीणबाई अंगणात. नगने त्यांच्यासमोर फाटकापर्यंत पळून दाखवलं, परत येताना कोणाचा तरी मोजा आणला. बाई म्हणाल्या, "'थांब' उत्तम. बाकी सगळा आनंद. असं कधी बघितलं नाही मी, एकच गोष्ट इतकी पक्की." मग म्हणाल्या, "वहिनी त्याला कशी बोलावतात ते एकदा बघू दे मला."

मी टाळलं. ही बाहेरच्यांसमोर तोंड फिरवते. कारखान्यात चाळीस माणसांना हुकूम देणारी बाई, तिला लाळ पुसून घेताना कोणी बघू नये. म्हटलं, "बोलावत नाहीच ती. लांब थांब म्हणते."

"मग कुत्रा आवडत नसेल त्यांना."

"आवडायचा."

त्या नगच्या कानामागे खाजवत राहिल्या.

१७ मार्च

एक विचित्र प्रकार.

दुपारी घर शांत होतं. मावशी कपडे वाळत घालत होत्या. मला नग कुठे दिसेना, म्हणून खोलीत डोकावलं. ही झोपली होती. डावा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता, आणि नग पलंगाला चिकटून उभा, हनुवटी बरोबर तिच्या सरळ बोटांवर टेकवलेली. हलत नव्हता. डोळे मिटलेले. तिची बोटं त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती.

मी दारातच उभा राहिलो. वाटलं, हेच तर हवं होतं. हेच तर मी मागितलं होतं, आणखी काय?

मग ही जागी झाली. तिने खाली बघितलं. तोंडातून तो वर चढणारा आवाज आला आणि हात उचलला, त्याच्या तोंडासमोर, तळहात. नग डोळे उघडून मागे सरला. मागे मागे जात तिसऱ्या फरशीवर जाऊन बसला.

झोपेत तिला कळत नाही म्हणून चालतं. जागेपणी नको आहे. याहून स्पष्ट काय सांगायला हवं मला?

१८ मार्च

तयार: –
रद्द: –

२ एप्रिल

मुलगी दोन दिवस येऊन गेली. विमानाची वेळ, नोकरी, जावयाचे फोन, या सगळ्यात जे उरलं त्यात आईच्या पायाशी बसून पाय चेपत होती. आईने हात वर केला की पोर घाबरून उठायची, "दुखलं का गं आई?" मी तिला तक्ता दाखवला. तिला लहानपणापासून खुणा पाठ आहेत, शेडमध्येच वाढली. म्हणाली, "थांब म्हणतेय. म्हणजे मीही नको?" आणि मोरीत जाऊन रडली. मला ऐकू आलं. मला सगळंच ऐकू येतं.

जाताना म्हणाली, "बाबा, ती आपल्या सगळ्यांपासून लांब चाललीय." मी म्हटलं, तसं नाही, आजारपण असतं, सोयीचं असतं ते बोललो. गाडी वळेपर्यंत हात हलवत उभा राहिलो. नग माझ्या हलणाऱ्या हाताकडे बघून उठत होता आणि बसत होता.

१९ एप्रिल

शेवटचा प्रयत्न म्हणून नगला उचलून घेतलं आणि पलंगापाशी नेऊन धरलं. आता जड झालाय, तीन महिन्यांत वासरू होतंय त्याचं. हिच्या छातीशी अगदी. म्हटलं, "अगं, नुसता हात लाव. एकदा. मग म्हणशील ते."

हिचा हात उचलला गेला. नगच्या नाकासमोर तळहात आला तसं त्याने अंग ताठ केलं. मी सोडत नव्हतो, त्याने नखं मारली, उतरला, आणि तिसरी फरशी. बसला. मोठ्याने रडत होता, कुत्रं रडतं तसं, पण बसला होता.

माझ्या दंडावर तीन ओरखडे. हिचा हात हवेत तसाच. ती माझ्या दंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "कळलं गं. कळलं. तुला कोणीच नकोय." आणि बाहेर आलो. अशा वेळी ओरडून बोलू नये, ओरडलो.

२६ एप्रिल

ठरलं. मास्तरीणबाईंच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, दूर, गाडीने दीड दिवस. मोठी जागा, दोन लहान मुलं. बाईंनी विचारलं, "नक्की ना? असा थांबणारा कुत्रा पुन्हा मिळायचा नाही." म्हटलं, "थांबणारा आहे हीच तर अडचण आहे. जवळ जाणारा हवा होता."

नाइलाजाने देतोय असं नाही. समजून देतोय. गेले तीन महिने ती एका हाताने एकच गोष्ट सांगतेय आणि मी पुन्हा पुन्हा तेच पिल्लू तिच्यापुढे नाचवतोय. म्हणजे शेडमधलंच झालं की. एवढी पेटी होऊ दे, मग बघू. यावेळी दोन ठोके नाही, तीन महिने उशीर केला.

३ मे

नग गेला.

फोरमन घ्यायला आला होता, स्टेशनपर्यंत तोच नेणार होता. मी म्हटलं, हिला दाखवून ने. नगला साखळी लावून खोलीच्या दारात उभं केलं. "अगं, हा चाललाय. आता त्रास नाही तुला."

हात वर झाला. एवढ्या जोरात की उशी खाली पडली. आणि तो तिसरा आवाज, फुटेपर्यंत.

नग तिसऱ्या फरशीवर गेला आणि बसला. फोरमनने साखळी ओढली. नग हलेना. आणखी ओढली. पट्टा कानांपर्यंत वर आला, पाय फरशीवर घासत गेले, पण बूड टेकलेलं ते टेकलेलंच. डोळे तिच्या हातावर.

फोरमन थांबला. म्हणाला, "शेठ, वहिनी थांबा म्हणतायत. नेऊ नका म्हणत असतील."

"त्याला म्हणतेय. जवळ येऊ नको म्हणते, रोजचंच आहे."

"पण शेठ..."

"अरे, माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं का तिचं?"

तो माझ्याकडे बघेना. मी पलंगापाशी गेलो, हिचा हात धरला आणि हळूच खाली आणून पांघरुणावर ठेवला. वरून दाबून धरला. लाकडासारखा हात, पण वर यायला जोर करत होता, मला कळत होतं. म्हटलं, "पुरे आता. नेतोय त्याला. पुरे."

हात खाली गेला तसा नग उठला. आणि एवढ्या महिन्यांची शिकवणी पाण्यात घालत सरळ पलंगाकडे झेपावला. जा म्हटलं तेव्हा दाराकडे जायचं सोडून! फोरमनने दोन्ही हातांनी साखळी धरून त्याला बाहेर ओढलं. जिन्यात बराच वेळ नखांचा आवाज येत होता.

शेवटपर्यंत उलट्या डोक्याचा.

मी हात सोडला. तिने तोंड भिंतीकडे केलं. लागलीच झोपली असावी.

१० मे

फोरमनने सांगितलं, नग पोचला. तिकडची मुलं खूश आहेत. त्यांच्या आईने निरोप दिलाय, "कुत्रा फार गुणी, पण मुलांनी टाटा केला तरी बसतो."

वही बंद करायला हवी. करायची राहिली.

१४ मे

सहा महिने झाले.

डॉक्टर सकाळी आले. हाताची बोटं ओढून पाहिली, डोळ्यांत दिवा टाकला, वजनाचा आकडा दोनदा वाचला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता आहे हे असंच धरून चाला. खाणं वाढलं नाही तर मग..." मी चहा विचारला. नको म्हणाले.

जुन्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. आजपासून नव्या. तरुण आहे, बोलकी आहे. दुपारी मी खोलीत गेलो तर ही पलंगावर बसलेली, आणि नव्या मावशीच्या हातात रिकामी वाटी. पूर्ण रिकामी. मी म्हटलं, "हे काय? कोंबलंत की काय?"

"छे हो काका. हात वर करून मागत होत्या, मी देत होते. एक झाला की परत हात. भूक होती त्यांना."

मी तिला पलंगावरचा तक्ता दाखवला. पहिली ओळ वाचायला लावली. ती वाचून गोंधळली. "पण काका, त्या तर..."

"तीस वर्षांच्या खुणा आहेत या. तिने स्वतः बसवलेल्या. हात वर झाला की थांबायचं. तिच्यावर जबरदस्ती झालेली मला चालणार नाही."

"बरं," ती म्हणाली. समजूतदार आहे, एकदाच सांगावं लागलं. चार वाजता दूध द्यायला बसली. दोन घोट झाले, हात वर आला, तिने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मग ती कप धुवायला गेली आणि मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर टेकलो. बऱ्याच दिवसांनी. म्हटलं, "अगं, सहा महिने झाले आज." कारखान्यातलं सांगितलं, तीन नंबरची प्रेस आवाज करते आहे, डाय बदलायला हवी. तिचे डोळे माझ्यावर होते. आणि हात उचलला गेला. हळूहळू, जड, पण पूर्ण वर. चार सरळ बोटं आणि तळहात माझ्याकडे.

मी थांबलो. तिथल्या तिथे. दोन ठोके नाही, अर्धाही नाही.

उठलो. पण आज बाहेर पडवेना. दाराकडे गेलो आणि मधेच खाली बसलो. वही गुडघ्यावर आहे. बसल्यावर लक्षात आलं, दारापासून तिसरी फरशी. नखांचे ओरखडे आहेत तिच्यावर.

इथून ती नीट दिसते. हात अजून वर आहे.